चवथ जवळ आली की कटवर्कच्या दशा का सुटतात?

जुलै संपत आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. "मावशी, शिलाई नीट घातली होती, तरी धुतल्यावर दशा सुटल्या. आता काय करू?" विचारणारी कधी आमच्याच वाड्यावरची असते, कधी पेडण्याकडची. सोबत फोटो असतो. कापड कापून केलेल्या खिडकीच्या कडेला दोऱ्यांचा झुपका, भोवती चुण्या, आणि खालच्या थराचा रंग वर उतरलेला. मीही तीन पावसाळे हेच करून बसले होते. म्हणून जे कळलं ते सगळं एकदा नीट लिहून काढते.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, तोरिंग, रानातली फळं आणि वेली बांधतात. ती माटोळी. खऱ्या माटोळीखेरीज भिंतीवर लावायला मी कापडाची माटोळी करते. तीन थर असतात. वर गडद कापड, मध्ये हिरवं, खाली तांबडं किंवा पिवळं. वरच्या थराला आकाराप्रमाणे कापायचं, की खालचा रंग फळासारखा बाहेर येतो. नारळाची कवड तर या पद्धतीत फार सुंदर दिसते. तपकिरी कापलं की आत पांढरं. नेहमीच्या ठिगळकामात आकार वरून लावतो, इथे आकार कापून उघडतो. रिव्हर्स अप्लिक म्हणतात ते हेच. पनामातल्या गुना या आदिवासी जमातीच्या बायका आपल्या पोलक्यांवर याच पद्धतीने 'मोला' करतात, आणि त्यांचं काम वर्षानुवर्षं अंगावर वापरूनही विसकटत नाही. त्यांच्याकडे मी पुढे येते, कारण अर्धं उत्तर त्यांच्या सुईत आहे.

आधी टाके वाढवू नका

दशा सुटल्या की पहिला हात जातो तो शिलाईकडे. मी झिगझॅग दाट केला, मग आणखी दाट केला. खिडकीची कड दोरीसारखी कडक झाली आणि दुसऱ्या धुण्यात ती अख्खी कड टाक्यांसकट कापडातून निघून आली. मग कडेला पांढरा डिंक लावला. वाळल्यावर छान बसला, पण धुतल्यावर विरघळून चिकट झाला आणि सुकल्यावर कडेला खरखरीत पापुद्रा राहिला. तिसऱ्या वर्षी बाजारातली दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळी आणून थर इस्त्रीने चिकटवले. चवथीच्या चार दिवस आधी कापडावर फोड आल्यासारखे फुगे आले.

त्या दिवशी सगळं बाजूला ठेवलं आणि बिघडलेला तुकडा दारातल्या उजेडात धरून भिंगातून बघितला. सुपारीच्या घोसात सतरा सुपाऱ्या कापल्या होत्या. काही सरळ लोंबणाऱ्या, काही तिरक्या. सरळ लोंबणाऱ्या सगळ्या दोन्ही कुशींवर सुटल्या होत्या. तिरक्या सुपाऱ्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. कापड एक, दोरा एक, मशीन एक, हातही माझाच. फरक होता तो फक्त खिडकी कुठल्या दिशेला कापली याचा.

तुमच्याकडेही बिघडलेला तुकडा असेल तर तो टाकू नका. तेवढं चांगलं निदान दुसरं कशानेच होत नाही. खिडकीच्या कुठल्या कडेला दशा आहेत? सगळीकडे की फक्त सरळ बाजूंना? कड टाक्यापासून ओढली गेली आहे का? टाके शाबूत आहेत की टाकेच उपटले गेले आहेत? या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कारणांकडे नेतात, आणि वरून मात्र सगळं सारखंच दिसतं.

उभा धागा, आडवा धागा आणि उरेब

कापड म्हणजे उभे आणि आडवे धागे एकमेकांत अडकलेले. उभ्या धाग्याला समांतर कापलं की कडेचा शेवटचा उभा धागा आडव्या धाग्यांच्या तुटक्या टोकांवर नुसता टेकलेला उरतो. त्याला धरून ठेवायला पलीकडे काहीच नाही. एक घासणी लागली की तो अख्खा लांबीभर निघतो, आणि मग त्याच्या आतला दुसरा. आडव्या धाग्याला समांतर कापलं तरी गोष्ट तीच. पण 45 अंशात, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसं कापलं, तर कडेला एकही धागा लांबीभर मोकळा राहत नाही. प्रत्येक धागा तुकड्यातुकड्याने तुटलेला आणि दुसऱ्यात अडकलेला. कड जरा लवदार होते, पण सुटत नाही.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. मांजरपाटाचा वीतभर तुकडा घ्या. एक बाजू धाग्याच्या सरळ रेषेत कापा, शेजारची बाजू तिरकी कापा. ओला करून दोन्ही कडा तळव्यांमध्ये वीस वेळा चोळा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते.

याच गुणावर एक आख्खी पद्धत उभी आहे. चार-पाच सुती थर एकावर एक ठेवायचे, उरेबात सेंटिमीटरभर अंतराने समांतर शिलाया मारायच्या, मग सगळ्यात खालचा थर सोडून वरचे सगळे थर दोन शिलायांच्या मधोमध चिरायचे. धुवून ब्रशने घासलं की चिरलेल्या कडा फुलून मखमलीसारख्या उभ्या राहतात. शेनील म्हणतात याला. नारळाच्या सोडणासाठी मी हेच वापरते. पण शिलाया धाग्याच्या सरळ रेषेत मारल्या तर पहिल्याच धुण्यात फुलण्याऐवजी दोऱ्यांचे पुंजके हातात येतात. चिरताना खालचा थर कापला जाणार नाही याची काळजी घ्या. मी जुनी विणकामाची सुई खालच्या थरावर सरकवून तिच्यावरून कात्री चालवते.

मग सगळं कापड उरेबातच का लावू नये? मीही तसं करून बघितलं. भिंतीवर टांगल्यावर उरेब कापड आपल्या वजनाने खाली ओघळतं. महिन्याभरात माटोळीचा मधला भाग पोटासारखा सुटला. म्हणून आता सगळ्यात खालचा थर उभ्या धाग्यात सरळ ठेवते, वरचा थरही सरळच, आणि आकार तिरके मांडते. सुपारीचे घोस वाऱ्याने हलल्यासारखे कलते काढते. खरी माटोळी तरी कुठे सगळी सरळ रेषेत लोंबते? चौकटीच्या लाकडी पट्ट्या मात्र सरळच हव्यात. त्या मी कापून उघडत नाही, वरून पट्टी लावून कडा आत दुमडते. सरळ लांब कडा उघडी ठेवायचा हट्ट सोडला आणि माझा निम्मा त्रास गेला.

कापडाचं पाणी काढलंय का?

दशा सगळ्या बाजूंना सुटल्या असतील, भोवती चुण्या असतील आणि कड टाक्यापासून ओढल्यासारखी दिसत असेल, तर दिशेपेक्षा आटण्याचा संशय धरा.

मागावर धागे ताणून धरलेले असतात आणि खळीने ते तसेच राहतात. पाण्यात गेलं की खळ जाते, ताण सुटतो, कापड आटतं. प्रत्येक कापड वेगळं आटतं. मी पेनाने 20 सेंटिमीटरची रेघ मारून धुवून मोजते. मी वापरते त्या हातमागाच्या जाड कापडाची रेघ 19 भरली, पॉपलिनची 19.6. एकाचं आटणं 5 टक्के, दुसऱ्याचं 2. ऐकायला थोडं वाटतं, पण 60 सेंटिमीटरच्या तुकड्यावर हा फरक जवळपास 1.8 सेंटिमीटर होतो. एक थर दुसऱ्यापेक्षा एवढा लहान झाल्यावर ओढ बसायची कुठे? जिथे कापड सगळ्यात कमकुवत आहे तिथे, म्हणजे तुमच्या खिडक्यांच्या कडांवर.

कुणबी कापडाच्या बाबतीत हे विशेष सांभाळा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी इथल्या कुणबी समाजाची हातमागाची साडी पुन्हा लोकांच्या नजरेत आणली, तेव्हापासून तांबड्या चौकटीचं ते कापड आपल्या कामात वापरावं असं अनेकींना वाटतं. मलाही ते अतिशय प्रिय आहे. माटोळीच्या खालच्या थराला त्याच्यासारखा उबदार तांबडा रंग दुसरा नाही. पण हातमागाचं जाडं सूत आणि त्याच्यावर गिरणीचं पॉपलिन अशी जोडी कोरीच शिवली तर घात ठरलेला.

सगळे थर, अगदी अस्तराचं कापडसुद्धा, कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, साबणाने धुवा, सुकवा, आणि हातमागाचं असेल तर हे दोनदा करा. दुसऱ्या वेळीही रेघ मोजा. दोन धुण्यांत फरक पडला नाही की कापड शिवायला तयार.

रंगाचंही तेव्हाच बघून घ्या. ओल्या पांढऱ्या मलमलीत तांबड्या कापडाचा तुकडा दाबून वरून गरम इस्त्री ठेवा. मलमलीवर गुलाबी झाक आली तर ते कापड पांढऱ्याखाली लावू नका. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवलं की सुती कापडाचा रंग पक्का होतो असं पुष्कळ जणी सांगतात. मी त्यावर भरवसा ठेवून पांढऱ्या नारळाची कवड गुलाबी करून घेतली. सुती कापडाचा कच्चा रंग व्हिनेगरने पक्का होत नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुणं किंवा ते कापड न वापरणं, एवढेच खरे उपाय.

पावसाळ्यातली इस्त्री

फुगे येण्याचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते आपल्या हवेतच होतं. सुती कापड हवेतलं पाणी शोषून घेतं. हवेतली आर्द्रता 65 टक्के असताना कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी त्यात असतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडची हवा त्याहून कितीतरी दमट. म्हणजे हाताला कोरडं लागणारं कापडही आतून ओलसर. चिकटणाऱ्या जाळीचा लेप वितळायला उष्णता लागते, आणि ती उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. लेप अर्धवट वितळतो, वाफ थरांमध्ये अडकते, त्या दिवशी सगळं चिकटल्यासारखं वाटतं आणि आठवड्याने फुगे येतात.

म्हणून प्रत्येक थरावर आधी कोरडी इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. कापडावर हात ठेवल्यावर दमटपणा जाणवेनासा होईपर्यंत. मग लगेच जाळी घाला. इस्त्री घासायची नाही, एका जागी दाबून दहा-पंधरा सेकंद धरायची, उचलायची, पुढच्या जागी ठेवायची. पूर्ण गार होईपर्यंत कापड हलवू नका. लेप गार होतानाच धरतो. इस्त्रीच्या टेबलावरची गादीही पावसात दमट असते. आधी तिच्यावरच दोनदा इस्त्री फिरवून घ्या.

खरं सांगायचं तर पावसाळ्यात मी ही जाळी टाळतेच. त्याऐवजी थर गोधडीसारखे धावदोऱ्याने बांधते. आमच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या) बायकांच्या 'कवंद' गोधड्या बघा. वापरलेल्या कापडांचे तुकडे, आणि त्यांना आरपार धरणारा हातचा धावदोरा. त्याच्यामुळे कुठलाही थर एकटा ओढला जात नाही. मी वरच्या थरापासून खालपर्यंत दर पाच-सहा सेंटिमीटरवर धावदोरा घालते, मगच खिडक्यांच्या कामाला लागते. काम वाढतं. पण धुतल्यावर चुण्या पडत नाहीत, आणि टाक्यांच्या रेषा माटोळीच्या वेलींसारख्या वापरता येतात.

वरचा थर कापायला कडक व्हावा म्हणून काही जणी त्याला भाताच्या पेजेची खळ देतात. कात्री त्यावर फार स्वच्छ चालते, हे खरं. पण पावसात ती खळ कापडात राहू दिली की बुरशीचे काळे ठिपके आणि कसर दोन्ही येतात. त्याच आठवड्यात धुवून काढणार असाल तरच खळ द्या.

आधी शिलाई, मग कात्री

क्रम चुकवू नका. थरांवर आकार काढा, बाह्यरेषेवर साधी बारीक शिलाई मारा, टाका दोन मिलिमीटरपेक्षा मोठा नको, कोपऱ्यांवर दीड. मग शिलाईच्या आत वरचा थर चिमटीत उचलून मध्ये भोक पाडा आणि तिथून कात्री शिलाईकडे न्या. झिगझॅग घालायचा असेल तर तो कापल्यानंतर, शिलाई आणि कड दोन्ही झाकेल असा. तीन सुती थरांना 14 नंबरची सुई लावा. बोथट सुई धागे बाजूला सारण्याऐवजी तोडते आणि तिथूनच कड कमकुवत होते.

कात्रीचं टोक महत्त्वाचं. आपल्या खाऱ्या हवेत चांगली कात्रीही एका पावसाळ्यात गंजते, आणि गंजलेलं टोक कापड कापत नाही, चावतं. मलमलीचा एकच थर टोकाने कापून बघा. शेवटचा धागा लोंबला तर धार लावून घ्या. मशीनच्या तेलाचा थेंब पुसून कात्री कोरड्या कापडात गुंडाळून ठेवते मी. ऑगस्टमध्ये तर रोज.

सिंथेटिक ऑर्गंझाचे, म्हणजे पातळ पारदर्शक कापडाचे, थर वापरणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. पॉलिएस्टर उष्णतेने वितळतं, म्हणून सोल्डरिंग आयर्नच्या, म्हणजे तारा डागायच्या तापत्या सळईच्या, बारीक टोकाने कापलं की कड आपोआप बंद होते. खिडकी-दार उघडं ठेवून हे काम करा, धूर छातीत जाऊ देऊ नका. सुती कापडाला हा उपाय चालत नाही, ते वितळत नाही, जळतं. दुकानदार ऑर्गंझा कशाचा आहे ते नीट सांगत नसेल तर दोन धागे चिमट्यात धरून जाळून बघा. सूत जळून कागदासारखा वास आणि राख, पॉलिएस्टरचा कडक मणी.

गुना बायकांची सुई

ज्या कामाला पुष्कळ वर्षं टिकायचं आहे, त्याच्या कडा मी आता उघड्या ठेवत नाही. मोल्यात कड आत दुमडलेली असते. शिलाईच्या आत तीन-चार मिलिमीटर कापड राखायचं, आत वळणाऱ्या गोलाईवर छोटे चिरे द्यायचे, सुईच्या टोकाने कड खाली सरकवायची आणि बारीक तुरपाईने बसवायची. दोरा वरच्या कापडाच्या रंगाचा, म्हणजे टाका दिसत नाही. कळीची गोष्ट ही, की अख्खी खिडकी एकदम कापायची नाही. बोटभर कापा, दुमडा, शिवा, मग पुढचं बोटभर. कापलेली कड मोकळी राहायला वेळच मिळत नाही. आतल्या टोकदार कोपऱ्यात दुमडायला कापड उरत नाही, तिथे दोन-तीन टाके दाट घालावे लागतात.

सुपारीएवढ्या खिडकीला अर्धा तास जातो. घोसात सतरा सुपाऱ्या धरल्या तर साडेआठ तास. म्हणून मी आता नऊच काढते आणि बाकीच्या धावदोऱ्याने दाखवते.

बिघडलेला तुकडा वाचवायचा असेल तर

शेजारच्या वैनींच्या मुलीने या वर्षी आणलेली माटोळी अशीच होती. सहा खिडक्या सुटलेल्या, चुण्या होत्या, पण रंग उतरला नव्हता. तिला आधी फक्त सुटे दोरे कापायला सांगितले. ओढायचे नाहीत. ओढलेला एक दोरा आतले दोन सैल करतो. मग खिडकी तीन मिलिमीटरने मोठी करून निरोगी कापडापर्यंत गेलो आणि नव्या कडेला काजटाका घातला. बटणाच्या काजाला घालतो तोच, थोडा रुंद. रिशेल्यू नावाच्या भरतकामाच्या कटवर्कमध्ये उघड्या कडेला हाच टाका असतो. दोन खिडक्या एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की मोठ्या करायला जागाच नव्हती. तिथे कडेवर सुती गोफ ठेवून बारीक टाक्यांनी टाचला. आता तो वेलीचा देठ वाटतो.

चुण्यांसाठी थरांमधली जुनी शिलाई उसवून, कापड ओलं करून सपाट पाटावर टाचण्यांनी ताणून वाळवलं आणि पुन्हा धावदोरा घातला. टाचण्या स्टीलच्याच वापरा, नाहीतर ओल्या कापडावर गंजाचे डाग पडतात. पंख्याखाली दोन दिवस लागले, मध्ये एकदा रात्रभर वीज नव्हती म्हणून तिसराही. नागपंचमीनंतर मी स्वतः नवीन कापड कापायला घेत नाही ते या वाळवण्यासाठीच. तिची माटोळी आता मागच्या खोलीत दोरीवर आहे. उद्या उलट्या बाजूने कोरडी इस्त्री फिरवून तिला परत द्यायची आहे.